लंडनहून केंब्रिजची एक दिवसाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंब्रिज एका दिवसात बघून होतं का?

गाव बघून होतं, सगळी कॉलेजं होत नाहीत, आणि तसा हट्टही धरू नये. विद्यापीठाची ३१ कॉलेजं आहेत. त्यांतली दोन आतून नीट बघायची, चार-पाच बाहेरून, नदीवर पाऊण तास, एखादं संग्रहालय आणि संध्याकाळी किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधलं, म्हणजे प्रार्थनागृहातलं, गायन, एवढ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सात हा वेळ भरून जातो. पाच-सहा कॉलेजांची तिकिटं काढून धावणाऱ्यांना तिसऱ्या हिरवळीनंतर सगळी अंगणं सारखीच वाटू लागतात, आणि पैसे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे मोजावे लागतात.

विद्यापीठाचं मुख्य फाटक कुठे आहे?

असं फाटकच नाही. बहुतेकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. पुण्यात गणेशखिंडीला गेलं की विद्यापीठाचं आवार लागतं, तसं इथे काही नाही. विद्यापीठ सगळ्या गावभर पसरलेलं आहे. व्याख्यानं आणि परीक्षा विद्यापीठाच्या, पण राहणं, जेवणं, ग्रंथालय, प्रार्थना आणि छोट्या गटातली शिकवणी कॉलेजची. प्रत्येक कॉलेज म्हणजे स्वतःची मालमत्ता, स्वतःचे नियम आणि स्वतःचं फाटक असलेली वेगळी संस्था. फाटकाशी पोर्टर्स लॉज नावाची खोली असते. आत जाता येईल का, तिकीट कुठे मिळेल, हे तिथल्या पोर्टरला विचारायचं.

म्हणूनच 'केंब्रिज विद्यापीठाचं तिकीट' असं एक तिकीट मिळत नाही. किंग्जचं तिकीट ट्रिनिटीत चालत नाही. एक कॉलेज उघडं आहे म्हणून शेजारचं उघडं असेल असंही नाही. जी दोन कॉलेजं बघायची आहेत त्यांची संकेतस्थळं आदल्या रात्री उघडून त्या तारखेची वेळ बघून ठेवा. सहलीच्या तयारीतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच आहे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच दिवशी करता येतील का?

करू नका. दोन्ही गावांमध्ये थेट रेल्वे नाही. लंडनला परत येऊन स्टेशन बदलून जावं लागतं, आणि बसने तीन तासांहून जास्त लागतात. अर्धा दिवस खिडकीतून मोटरवे बघण्यात जाईल. एकच निवडायचं असेल तर ज्यांना नदी, मोकळी हिरवळ आणि विज्ञानाचा इतिहास आवडतो त्यांनी केंब्रिजला यावं. ऑक्सफर्ड मोठं आणि जास्त शहरी आहे. केंब्रिज त्याचंच धाकटं भावंड: १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी झालेल्या भांडणानंतर तिथून निघालेल्या विद्वानांनी इथे बस्तान बसवलं.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. तेव्हा सत्र चालू असतं, गावात विद्यार्थी असतात, चॅपेलमध्ये गायन असतं आणि पर्यटकांची गर्दी बेताची असते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि लांब दिवस मिळतात, पण किंग्ज परेड रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते आणि किंग्जची गायकमंडळी सुट्टीवर असतात.

एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य जपून. हा परीक्षांचा काळ. बरीच कॉलेजं या आठवड्यांत पाहुण्यांना दरवाजे बंद करतात किंवा अगदी थोडा भाग खुला ठेवतात. भारतातून मे महिन्याच्या सुट्टीत येणारी कुटुंबं नेमकी याच काळात सापडतात. तुमच्याकडे मे महिनाच असेल तर बेत थोडा बदला: किंग्जचं चॅपेल उघडं आहे का ते आधी बघा, आणि बाकीचा दिवस नदी, संग्रहालयं, वनस्पतिउद्यान आणि जवळच्या ग्रँटचेस्टर गावाकडच्या कुरणांसाठी ठेवा. नदीतून कॉलेजांच्या मागच्या बाजू दिसतातच, आणि खरं तर त्याच जास्त देखण्या आहेत. गंमत म्हणजे इथला 'मे वीक' जूनमध्ये, परीक्षा संपल्यावर येतो. त्या दिवसांत कॉलेजांच्या अंगणांत रात्रभराच्या मेजवान्यांचे तंबू लागतात, त्यामुळे तेव्हाही काही दरवाजे बंदच असतात.

डिसेंबरमध्ये चार वाजण्याच्या आधीच सूर्य मावळतो. तेव्हा गेलात तर बाहेरची सगळी भटकंती तीनच्या आत उरका.

लंडनहून कोणती गाडी पकडायची?

किंग्ज क्रॉस स्टेशनवरून सुटणारी जलद गाडी. ती सुमारे ५० मिनिटांत पोहोचवते. लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून येणारी गाडी सव्वा तास किंवा थोडा जास्तच घेते, पण तुम्ही पूर्व लंडनमध्ये उतरला असाल तर तीच सोयीची.

फलकावर 'केंब्रिज' दिसलं म्हणून पहिल्याच गाडीत चढू नका. शेजारच्या सेंट पॅनक्रास स्टेशनच्या जमिनीखालच्या फलाटांवरून जाणाऱ्या थेम्सलिंक गाड्या आणि किंग्ज क्रॉसच्या काही गाड्या वाटेत बरीच स्टेशनं घेतात. आधी सुटलेली गाडी नंतर पोहोचते, असं इथे सर्रास होतं. फलकावर थांब्यांची यादी येते. ती लांबलचक असेल तर पुढच्या गाडीची पोहोचण्याची वेळ ताडून बघा. उतरायचं ते नुसत्या 'केंब्रिज' स्टेशनवर. 'केंब्रिज नॉर्थ' हे २०१७ मध्ये सुरू झालेलं वेगळं स्टेशन गावाच्या उत्तर टोकाला आहे, जुन्या कॉलेजांपासून दूर.

रविवारी निघण्याआधी मार्गावर दुरुस्तीचं काम आहे का ते तपासा. ब्रिटनमध्ये रूळदुरुस्ती शनिवार-रविवारी काढतात, आणि मग गाडीऐवजी बस मिळते. ५० मिनिटांच्या प्रवासाचे दोन तास होतात ते असे.

विमानाने स्टॅनस्टेडला उतरत असाल तर लंडनला जायची गरज नाही. तिथून थेट गाडी अर्ध्या-पाऊण तासात केंब्रिजला येते.

तिकीट कसं काढावं? ऑयस्टर कार्ड चालेल का?

लंडनच्या बस-मेट्रोत चालणारं ऑयस्टर कार्ड केंब्रिजपर्यंत चालत नाही. किंग्ज क्रॉसला कार्ड टेकवलं की फाटक उघडतं, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. केंब्रिजला उतरल्यावर मात्र ते विनातिकीट प्रवासी ठरतात. इंग्लंडमध्ये त्याचा दंड १०० पौंड अधिक एकमार्गी भाडं असा आहे. २१ दिवसांच्या आत भरला तर दंडाची रक्कम निम्मी होते, पण सहलीची चव जायची ती जातेच. स्वतंत्र तिकीट काढा, फोनवरचं चालतं.

एका दिवसात परत येणार असाल तर ऑफ-पीक डे रिटर्न, म्हणजे गर्दीची वेळ सोडून त्याच दिवशी जाऊन-येऊन चालणारं तिकीट घ्या. सोमवार ते शुक्रवार ते सकाळच्या गर्दीच्या वेळेत चालत नाही. शनिवार-रविवारी त्याहून स्वस्त प्रकारही मिळतो. लंडनहून जाऊन-येऊन माणशी २५ ते ३५ पौंडांचा हिशेब धरा, आणि तो कमी करायचे हे मार्ग आहेत:

तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असतील तर 'ग्रुपसेव्ह' निवडा. ऑफ-पीक भाड्यात एकतृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी कार्ड काढावं लागत नाही. आईवडील आणि तुम्ही असे तिघं असाल तरी पुरतं. मात्र परतीच्या गाडीतही सगळ्यांनी एकत्रच बसायचं.

दोघंच असाल आणि ब्रिटनमध्ये अजून दोन-तीन रेल्वेप्रवास ठरलेले असतील तर 'टू टुगेदर' हे रेल्वे सवलतीचं कार्ड (रेलकार्ड) परवडतं. ते परदेशी पाहुण्यांनाही काढता येतं. दोघांचे फोटो लागतात, दोघांनी बरोबरच प्रवास करायचा, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. साठी ओलांडलेल्यांसाठी सीनिअर रेलकार्ड वेगळं असतं.

तिकिटावर एखाद्या रेल्वे कंपनीचं नाव छापलं असेल तर फक्त त्याच कंपनीच्या गाडीने जा. लिव्हरपूल स्ट्रीटचं स्वस्त तिकीट किंग्ज क्रॉसच्या जलद गाडीत वैध नसतं.

स्टेशनपासून गाव किती लांब आहे?

जवळजवळ दोन किलोमीटर, चालत पंचवीस मिनिटं. हे अनेकांना अनपेक्षित असतं. स्टेशन रोडने सरळ जाऊन उजवीकडे हिल्स रोडला वळलं की तोच रस्ता पुढे रीजंट स्ट्रीट होऊन गावात नेतो. स्टेशनसमोरून बसही सुटतात. आमचा सल्ला: जाताना चाला, येताना बस घ्या. सकाळी पाय ताजे असतात आणि वाटेवरच वनस्पतिउद्यान लागतं. ४० एकरांची ही बाग १८४६ मध्ये खुली झाली. प्रवेशशुल्क आहे. बागेतून आरपार जाऊन ट्रंपिंग्टन स्ट्रीटला निघालात तर थेट फिट्झविल्यम संग्रहालयाच्या दिशेने गावात शिरता.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर?

गाडी गावात नेऊ नका. मध्यभागातल्या बऱ्याच रस्त्यांवर खासगी गाड्यांना बंदी आहे, नजर ठेवायला कॅमेरे आहेत, आणि भाड्याच्या गाडीचा दंड महिन्याभराने घरी येतो. गावाच्या कडेने पाच पार्क-अँड-राइड वाहनतळ आहेत, तिथे गाडी ठेवून बसने गावात यायचं: ट्रंपिंग्टन, मॅडिंग्ली रोड, बॅब्रहॅम रोड, न्यूमार्केट रोड आणि मिल्टन. लंडनहून एम-११ ने येणाऱ्यांना ११ क्रमांकाच्या फाट्यावर ट्रंपिंग्टन सोयीचा. निघण्याआधी शेवटच्या परतीच्या बसची वेळ थांब्यावर वाचून ठेवा. रविवारी ती लवकर असते.

कोणती दोन कॉलेजं आतून बघावीत?

पहिलं किंग्ज, याबद्दल दुमत नको. दुसरं तुमच्या आवडीचं.

किंग्ज कॉलेज सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये स्थापलं. त्याच्या चॅपेलचं काम १४४६ मध्ये सुरू झालं आणि दगडी बांधकाम १५१५ मध्ये पुरं झालं. मधल्या काळात इंग्लंडच्या गादीसाठी 'गुलाबांची युद्धं' झाली, हेन्री गादीवरून गेला, पैसे आटले, काम थांबलं. तो खंड भिंतीवर अजून दिसतो: खालचा दगड पांढुरका आहे, वरचा पिवळसर. आत शिरण्याआधी बाहेर उभं राहून ही रेघ शोधा. मग आत जाऊन लगेच वर बघा. ८० फूट उंचावर, २८९ फूट लांब पसरलेलं हे पंख्याच्या आकाराच्या कमानींचं दगडी छत आपल्या प्रकारातलं जगातलं सर्वांत मोठं आहे. जॉन वॉस्टेल या गवंड्याने ते अवघ्या तीन वर्षांत, १५१२ ते १५१५ दरम्यान, बांधलं. ज्या इमारतीला सत्तर वर्षं लागली तिचा सर्वांत अवघड भाग इतक्या झटपट झाला, हे लक्षात ठेवून बघितलं की मान दुखेपर्यंत खाली करवत नाही. मधल्या लाकडी पडद्यावर आठव्या हेन्रीची आणि अ‍ॅन बोलिनची आद्याक्षरं कोरली आहेत. पुढे त्याने तिचा शिरच्छेद करवला, पण अक्षरं राहिली. वेदीमागचं मोठं चित्र रूबेन्सचं आहे.

तिकीट १५ पौंडांच्या पुढेमागे असतं. ते आधीच ऑनलाइन काढा. सत्र चालू असताना दुपारी साडेतीनच्या सुमारास चॅपेल पर्यटकांसाठी बंद होतं, आणि लग्न किंवा ध्वनिमुद्रण असेल तर अचानकही. म्हणून किंग्ज नेहमी सकाळी ठेवा. दुपारी बघू म्हणणाऱ्यांची रांग फाटकावरूनच परत फिरते.

दुसऱ्यासाठी ट्रिनिटी किंवा सेंट जॉन्स. दोन्ही शेजारी शेजारी आहेत. ट्रिनिटीची स्थापना आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये केली. फाटकावरच्या त्याच्या पुतळ्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे. विद्यार्थ्यांनी केलेली अदलाबदल तशीच राहू दिली गेली. फाटकाच्या उजव्या हाताला हिरवळीत एक सफरचंदाचं झाड आहे. न्यूटनच्या गावच्या झाडापासून कलम केलेलं. न्यूटनची खोली फाटकाच्या त्याच बाजूला होती. ट्रिनिटीतली मोलाची जागा म्हणजे रेन ग्रंथालय. इमारत १६९५ मध्ये पूर्ण झाली, आणि न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाची त्याच्या स्वतःच्या टिपणांसह असलेली प्रत इथे आहे. पाहुण्यांसाठी वेळ मोजकी असते, ती आधी बघा.

सेंट जॉन्सचं तिकीट जरा महाग वाटलं तरी आवार मोठं आहे आणि नदीवरचा १८३१ चा 'ब्रिज ऑफ साइज' जवळून बघता येतो.

फाटकावर पोहोचलो आणि 'व्हिजिटर्सना बंद' अशी पाटी दिसली. आता?

वाद घालून उपयोग नाही. पोर्टरच्या हातात ते नसतं. शेजारची, कमी गाजलेली कॉलेजं विचारा. पेम्ब्रोकची स्थापना १३४७ ची आणि त्याचं चॅपेल वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेनचं पहिलं पूर्ण झालेलं काम. रस्त्यापलीकडचं पीटरहाउस १२८४ चं, म्हणजे सगळ्यांत जुनं कॉलेज. अशा ठिकाणी गर्दी नसते. आत गेल्यावर एक नियम पाळा: हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. तो मान कॉलेजच्या फेलोंचा, म्हणजे तिथल्या अध्यापक-संशोधक सदस्यांचा. जिन्यांवर विद्यार्थ्यांच्या खोल्या असतात, तिथे चढायचं नाही.

महाराष्ट्राशी नातं सांगणाऱ्या जागा कोणत्या?

या प्रश्नासाठी दिवसातला तासभर जरूर द्यावा. 'रँग्लर' ही पदवी मराठी घरांत नावामागे लावली जाते, ती इथली. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यांतला पहिला तो सीनिअर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं कॉलेज सेंट जॉन्स. पुढे ते तिथले फेलो झाले, आणि इंग्लंडात राहण्याची संधी सोडून पुण्याला फर्ग्युसनमध्ये परतले.

हे निकाल जिथे मोठ्याने वाचले जात ती इमारत किंग्जच्या अगदी शेजारी आहे: सेनेट हाउस, १७३० मध्ये पुरी झालेली पांढरी, खांबांची वास्तू. आत सहसा सोडत नाहीत, पण कुंपणापाशी उभं राहून ती पूर्ण दिसते. क्रमवार यादी जाहीर करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद झाली.

जयंत नारळीकर फिट्झविल्यम हाउसचे, म्हणजे आजच्या फिट्झविल्यम कॉलेजचे विद्यार्थी. १९५९ मध्ये तेही गणितात पहिले आले, मग खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलं, आणि १९६३ ते १९७२ किंग्जचे फेलो होते. म्हणजे किंग्जच्या ज्या हिरवळीवर आपल्याला पाय ठेवता येत नाही, तिच्यावरून चालण्याचा अधिकार त्यांना होता. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकरही केंब्रिजचेच. फिट्झविल्यम कॉलेजची आजची इमारत गावाबाहेर उत्तरेला आहे. एका दिवसात तिथवर जाण्यापेक्षा किंग्जमध्येच त्यांची आठवण काढावी.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जीझस कॉलेजचे. सेंट जॉन्सजवळच्या राउंड चर्चपासून दहा मिनिटांच्या आत तिथे चालत पोहोचता येतं, आणि फाटकापर्यंतची भिंतींमधली अरुंद वाट सुरेख आहे.

भारताच्या दृष्टीने आणखी एक दार चुकवू नका. ट्रिनिटीच्या मोठ्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, व्ह्यूएल्स कोर्ट आहे. श्रीनिवास रामानुजन इथे राहत. ते १९१४ मध्ये आले आणि १९१८ मध्ये ट्रिनिटीचे फेलो झाले. त्यांची 'हरवलेली वही' म्हणून ओळखली जाणारी पानं १९७६ मध्ये सापडली ती समोरच्याच रेन ग्रंथालयात.

पंटिंग म्हणजे काय आणि करावं का?

करावं. पंट म्हणजे सपाट तळाची लांबट होडी. वल्ह्याऐवजी लांब काठी नदीच्या तळाला टेकवून ती ढकलतात. कॅम नदी किंग्ज, क्लेअर, ट्रिनिटी आणि सेंट जॉन्स यांच्या मागून जाते. या भागाला 'बॅक्स' म्हणतात. क्लेअरचा १६४० चा पूल, किंग्जच्या चॅपेलची मागची बाजू आणि ब्रिज ऑफ साइज हे सगळं पाऊण तासात ओळीने समोर येतं.

नावाडी घेऊन जाणाऱ्या पंटमध्ये दहा-बारा जण बसतात. माणशी २० ते ३५ पौंड सांगितले जातात. आधी ऑनलाइन आरक्षण केलं किंवा कामाच्या दिवशी सकाळी गेलात तर कमी पडतात. रस्त्यात हातात फलक घेऊन कोणी गाठलं तर त्याच्यामागे जाऊ नका. मॅग्डलीन पुलाजवळचा की-साइड किंवा मिल लेनचा धक्का, इथे जाऊन खिडकीवरच दर विचारा.

स्वतः चालवायची असेल तर तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते. पद्धत अशी: मागच्या सपाट फळीवर उभं राहायचं. काठी होडीच्या कडेला अगदी चिकटून, सरळ उभी, हातातून घसरू द्यायची. तळाला टेकली की हात वर-वर सरकवत ढकलायची. होडी पुढे गेली की काठीला अर्धा पीळ देऊन मग उपसायची, नाहीतर ती चिखलात रुतते. उपसल्यावर लगेच पुन्हा टाकायची नाही. काही क्षण पाण्यात मागे तरंगती ठेवून तिच्याच आधाराने दिशा द्यायची. नवखे इथेच घाई करतात आणि होडी गोल फिरते.

काठी रुतलीच तर सोडून द्या. ती धरून राहणारा माणूस काठीवर लटकतो आणि होडी पुढे निघून जाते. होडीत एक छोटं वल्हं ठेवलेलं असतं, त्याने मागे येऊन काठी काढता येते. पुलाखालून जाताना काठी आडवी घ्या आणि पुलाला हात लावू नका. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट मागून घ्यावं. न मागता कोणी देईलच असं नाही.

ग्रँटचेस्टर गावाकडे जायचं असेल तर होडी नदीतल्या बांधाच्या वरच्या बाजूने घ्यावी लागते. बॅक्सच्या फेरीची होडी तिकडे जात नाही. जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, तेव्हा त्यापेक्षा कुरणांतून चालत जाणं सोपं.

क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल न्यूटनने खिळ्यांशिवाय बांधला, हे खरं का?

नाही. न्यूटन १७२७ मध्ये वारला आणि हा 'गणिती पूल' १७४९ चा. आराखडा विल्यम एथरिजचा, बांधकाम जेम्स एसेक्सचं. सध्याचा पूल १९०५ मध्ये त्याच नमुन्यावर नव्याने बांधलेला आहे. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून तो फुकट आणि छान दिसतो.

पैसे न देता काय काय बघता येतं?

पुष्कळ. फिट्झविल्यम संग्रहालय फुकट आहे आणि सोमवारी बंद असतं. अर्धा दिवस तिथेच जाऊ शकतो. वेळ कमी असेल तर चित्रांची दालनं आणि इजिप्तचं दालन एवढंच करा. सेजविक भूविज्ञान संग्रहालय आणि प्राणिशास्त्र संग्रहालय मुलांना फार आवडतात, तीही फुकट.

बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं सोनेरी घड्याळ आहे. वर बसलेला टोळासारखा राक्षस एकेक क्षण खातो. स्टीव्हन हॉकिंग यांनी २००८ मध्ये त्याचं अनावरण केलं. त्याला काटे नाहीत, आणि ते दर पाच मिनिटांनीच अचूक वेळ दाखवतं, तेव्हा गाडीची वेळ त्यावरून ठरवू नका. त्याच गल्लीत 'ईगल' हा पब आहे. डीएनएची रचना उलगडल्याचं फ्रान्सिस क्रिकने २८ फेब्रुवारी १९५३ रोजी इथेच जेवणाच्या वेळी जाहीर केलं. ज्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ते काम झालं, आणि जिथे जे. जे. थॉमसनला १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला, ती जुनी इमारत मागच्या फ्री स्कूल लेनमध्ये आहे. गल्ली अरुंद आणि शांत आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती चुकवूच नये.

थोडे पैसे देऊन ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्यावर चढता येतं. १२३ अरुंद, गोल पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर नको.

किंग्जमधलं गायन म्हणजे 'ईव्हनसाँग' कोणालाही ऐकता येतं का?

कोणालाही, कोणत्याही धर्माच्या माणसाला, विनामूल्य. सत्र चालू असताना बहुतेक संध्याकाळी, साधारण साडेपाचला असतं; नेमका दिवस आणि वेळ चॅपेलच्या संकेतस्थळावर बघा. पाऊण तास आधी रांगेत उभं राहा. ही उपासना आहे, मैफल नाही: फोन बंद, फोटो नाहीत, टाळ्या नाहीत, मध्येच उठून जायचं नाही. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. शब्द म्हणायची सक्ती नसते. मुलं लहान आणि चुळबुळी असतील तर दाराजवळ बसा. सकाळी तिकीट काढून जे छत बघितलं, त्याच्याखाली मेणबत्त्यांच्या उजेडात तो आवाज कसा फिरतो हे ऐकल्याशिवाय चॅपेल पुरतं कळत नाही. साडेपाचच्या गाडीने परतायची घाई करणाऱ्यांनी गाडी बदलावी, असंच आम्ही म्हणू.

शाकाहारी जेवणाचं काय?

मार्केट स्क्वेअरमधल्या बाजारात दुपारी गरम खाण्याच्या बऱ्याच टपऱ्या असतात. तिथे शाकाहारी माणसाची सोय चांगली होते, आणि बसून खायच्या हॉटेलापेक्षा स्वस्तही पडते. चार वाजता बाजार आवरायला लागतो, तेव्हा दोनच्या आत जेवून घ्या. अंडं चालत नसेल तर 'व्हेजिटेरिअन' एवढं सांगून भागत नाही, त्यात अंडं येतं, 'व्हीगन' विचारा. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, हेही विचारायला लाजू नका. खरं उत्तर देतात. ट्रंपिंग्टन स्ट्रीटवरचं फिट्झबिलीज १९२० पासूनचं आहे आणि तिथले चिकट, गोड चेल्सी बन प्रसिद्ध आहेत. भारतीय वाणसामान आणि जेवण मिल रोडवर मिळतं, पण तो कॉलेजांपासून लांब आहे. घरून थेपले किंवा पोळीभाजीची गुंडाळी आणली असेल तर नदीकाठच्या कुरणात बसून खाता येते. कॉलेजांच्या आवारात नाही.

आजी-आजोबा बरोबर आहेत. झेपेल का?

गाव पूर्ण सपाट आहे, ही मोठी सोय. फिट्झविल्यम संग्रहालयापासून मॅग्डलीन पुलापर्यंत सगळी मुख्य ठिकाणं दीड किलोमीटरच्या आत येतात. त्रास होतो तो गोटे बसवलेल्या अंगणांचा, कॉलेजच्या उंच उंबऱ्यांचा, आणि सायकलींचा. सायकली मागून आवाज न करता येतात. पदपथावरून रस्त्यात उतरताना उजवीकडे आणि डावीकडे दोन्हीकडे बघा, एकेरी रस्त्यावरसुद्धा. पंटमध्ये बसायला खाली वाकावं लागतं. नावाडी हात देतो, पण गुडघे अजिबात वाकत नसतील तर आधी विचारा. स्वच्छतागृह कॉलेजात मिळेलच असं नाही, म्हणून संग्रहालयात किंवा लायन यार्डच्या खरेदीसंकुलात आटोपून घ्या. मोठ्या बॅगा लंडनलाच ठेवून या. चॅपेलमध्ये त्या आत घेत नाहीत.

दिवसाचा क्रम कसा लावावा?

किंग्ज क्रॉसहून नऊ-साडेनऊची गाडी. अकराच्या आत किंग्जमध्ये, तासभर तरी तिथे. मग सेनेट हाउस, ट्रिनिटी स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं, रामानुजन राहत ते व्ह्यूएल्स कोर्ट. एकला बाजारात जेवण. दोन वाजता ट्रिनिटी किंवा सेंट जॉन्स. साडेतीनला की-साइडवरून पंट. हिवाळ्यात हे दोन उलटे करा, म्हणजे उजेड असताना नदी होईल. पावणेपाचला गायनाच्या रांगेत. पाऊस लागला तर नदीऐवजी फिट्झविल्यम.

मुलाला इथे शिकायला पाठवायचं आहे. सहलीत चौकशी होईल का?

पोर्टर प्रवेशाबद्दल काही सांगू शकत नाही. त्यासाठी विद्यापीठाचे खुले दिवस असतात, त्यांची नोंदणी वेगळी करावी लागते. पहिल्या पदवीसाठी अर्जाची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते, इतर बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांच्या बरीच आधी. हे पालकांनी दहावीतच टिपून ठेवावं.

परतीची ठरवलेली गाडी चुकली तर?

डे रिटर्न तिकीट विशिष्ट गाडीला बांधलेलं नसतं. पुढची गाडी घ्या. 'अ‍ॅडव्हान्स' प्रकारचं स्वस्त तिकीट काढलं असेल तर मात्र ते त्याच गाडीपुरतं असतं, आणि नवं काढावं लागतं. गायन किती वाजता संपेल आणि बस कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून परतीसाठी अ‍ॅडव्हान्स तिकीट घेऊच नका.